भुवया विरळ झाल्यात, भरू कशा?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मैत्रीण ३७ वर्षांची. कॉलेजात असताना बारीक भुवया आवडायच्या म्हणून चिमट्याने उपटून उपटून बारीक केल्या, त्यातल्या बऱ्याच जागा नंतर भरल्याच नाहीत. गेल्या सहा-सात महिन्यांत बाहेरची टोकंही विरळ झालीत, उजवीकडची जास्त. लोक येताजाता विचारतात, "बरं नाहीये का?" व्हिडिओ बघून काळ्या पेन्सिलने रोज भुवया भरायचा प्रयत्न करते, पण चेहरा रागीट दिसतो, भुवया वरून चिकटवल्यासारख्या वाटतात, दोन्ही सारख्या कधीच येत नाहीत, मग पुसून पुसून कातडी लाल होते आणि शेवटी तशीच बाहेर पडते. दोन महिन्यांनी नवीन नोकरी सुरू होतेय, रोज नवीन माणसांना भेटायचं काम. म्हणून वाटतंय की मायक्रोब्लेडिंग (बारीक सुयांनी कातडीत रंग भरून केसांसारख्या रेघा कोरणं) करून हा विषय एकदाचा संपवावा. बहीण म्हणते, भुवयांवरून काय एवढं, कोण बघतंय. तिचे प्रश्न तीन: दोन्ही भुवया सारख्या आणि भरदार दिसण्यासाठी नेमकं काय वापरू? एरंडेल तेलाने केस येतात का? मायक्रोब्लेडिंग करू का?

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी पत्रातल्या त्या वाक्याकडे येते जे तू जाताजाता लिहून पुढे गेलीस. सहा-सात महिन्यांत बाहेरची टोकं विरळ झाली. कॉलेजातल्या उपटण्याने गेलेले केस ही जुनी गोष्ट झाली, ते तेव्हाच गेले. आता जे जातायत ते वेगळ्या कारणाने जात असणार, आणि तू दोन्ही गोष्टी एकाच खात्यात टाकून स्वतःलाच दोष देत बसलीयस असं मला वाचताना वाटलं.

भुवयांचा बाहेरचा एक तृतीयांश भाग विरळ होणं हे थायरॉइड कमी काम करत असल्याचं एक जुनं, डॉक्टरांच्या माहितीतलं लक्षण आहे. म्हणजे तुला तेच झालंय असं अजिबात नाही, वयानेही टोकं विरळ होतात, शरीरात लोह कमी असलं तरी केस गळतात, भुवयांत कोंडा किंवा एक्झिमा असेल आणि हात सारखा तिथे चोळायला जात असेल तरी केस तुटतात. पण जोडीला थकवा, वजन वाढणं, थंडी सहन न होणं, पाळी अनियमित होणं यातलं काही असेल तर टीएसएच ची, म्हणजे थायरॉइड नीट काम करतोय का ते बघणारी, साधी रक्त तपासणी करून घे, आणि काही नसलं तरी करून घे असंच मी म्हणेन. लोक "बरं नाहीये का" विचारतायत ते भुवयांमुळेच विचारत असतील असं तू धरून चाललीयस, एकदा खात्री करून घ्यायला काय हरकत आहे?

स्किनच्या डॉक्टरांकडे लवकर जायला हवं अशाही काही खुणा आहेत, त्या सगळ्यांसाठीच सांगते. एखाद्या जागचे केस गोल चकतीसारखे पूर्ण गेले असतील, भुवईखालची कातडी लाल, खवलेदार किंवा सुन्न वाटत असेल, किंवा भुवयांबरोबर कपाळावरची केसांची रेषाही मागे सरकत असेल. हे शेवटचं जास्त करून पाळी गेल्यानंतरच्या वयात दिसतं आणि त्यात केसांची मुळंच कायमची बंद होत जातात, गेलेले केस परत येणं अवघड असतं, त्यामुळे उरलेले वाचवायचे तर उशीर करून चालत नाही. आणि ज्यांचा हात ताण आला की आपोआप भुवयांकडे जातो आणि केस ओढले जातात त्यांनीही लाजू नये, त्यावर मदत मिळते, मानसोपचारात त्यासाठी ठरलेल्या पद्धती आहेत.

आता बहिणीचं म्हणणं. कोण बघतंय, असं ती म्हणते, आणि प्रेमानेच म्हणत असेल, पण ते खरं नाहीये. सगळेच बघतात, फक्त आपण भुवया बघतोय हे कोणाच्या लक्षात येत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी प्रसिद्ध लोकांचे फोटो घेतले, काहींतले डोळे काढून टाकले, काहींतल्या भुवया काढून टाकल्या, आणि बघणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. भुवया नसलेले चेहरे ओळखणं लोकांना डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षाही जड गेलं. म्हणजे भुवया विरळ झाल्या की आरशात आपणच आपल्याला थोडे अनोळखी वाटतो ते मनाचे खेळ नव्हेत, आणि त्यावर काही करावंसं वाटणं हा उथळपणाही नाही. तुला वाईट वाटतंय ते अगदी साहजिक आहे गं.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही लागू होते. भुवयांनी चेहरा ओळखू येतो, तर दुसऱ्याच कोणाच्या भुवया आपल्या चेहऱ्यावर काढल्या की चेहरा परका दिसणार. तू लिहिलंयस "भरदार आणि सारख्या", आणि मला वाटतं तुझी अर्धी अडचण या दोन शब्दांमुळेच झालीय. दोन्ही भुवया कोणाच्याच सारख्या नसतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंची हाडं थोडी वेगळी, स्नायूंची ओढ वेगळी, बऱ्याच जणींची एक भुवई बोलताना जास्त उचलली जाते आणि कायमची किंचित वर राहते. डावी उजवीसारखी करायला गेलं की मग उजवी डावीसारखी करावीशी वाटते आणि दोन्ही जाड होत जातात, तुझ्या रोजच्या पुसापुशीचं मूळ तिथेच आहे. व्हिडिओतल्या बाईवर समोरून प्रखर लाइट असतो, बऱ्याचदा फिल्टरही असतो, आणि मुळात तिला भुवया भरपूर असतात, तिने नुसता ब्रश फिरवला तरी छान दिसणार. तू तिची भुवई बघून स्वतःची काढतेयस. तुला करायचंय ते रफू आहे, विरलेल्या जागी त्याच रंगाचा दोरा, कापडाच्या विणीच्याच दिशेने.

चेहरा रागीट दिसण्याचं कारण तुझ्या वर्णनावरून मला बरंचसं कळलं. काळी पेन्सिल, सुरुवात नाकाजवळून, आणि पहिली रेघ गडद. हात नवा असतो तेव्हा सगळा जोर पहिल्या रेघेत जातो, त्यामुळे नाकाजवळचा भाग चौकोनी आणि काळाकुट्ट होतो, दोन भुवयांमधलं अंतर कमी होतं, आणि माणूस कपाळाला आठ्या घालतो तेव्हा नेमकं हेच होत असतं. चेहरा सतत आठी घातल्यासारखा वाटतो. तुझ्या चेहऱ्यात काही चूक नाहीये, क्रम उलटा आहे एवढंच.

तेव्हा आधी रंग बदल. काळे केस असले तरी भुवयांसाठी काळा रंग नको, गडद तपकिरी घे, आणि त्यात लालसर झाक नको, करडी झाक हवी. लाल झाक घरच्या दिव्यात कळत नाही, बाहेर उजेडात गेलं की भुवया गंजल्यासारख्या दिसतात. ज्यांचे केस पांढरे होत आलेत त्यांना करडा-तपकिरी शोभतो, आणि ज्यांचे केस मुळात फिकट आहेत त्यांनी उलट केसांपेक्षा एक छटा गडद घ्यायची. काजळाची पेन्सिल भुवयांना वापरत असशील (खूप जणी वापरतात) तर ती ठेवून दे. काजळ डोळ्यात सहज फिरावं म्हणून मऊ आणि तेलकट केलेलं असतं, भुवईवर ते दुपारपर्यंत पसरतं. भुवयांची पेन्सिल कडक आणि मेणचट असते, ती कडक लागते म्हणून नावडती होते पण तिचा कडकपणाच कामाचा आहे.

वस्तू फार नकोत. एक मस्काऱ्याच्या ब्रशसारखा गोल ब्रश, ज्याला स्पूली म्हणतात, जुना मस्काऱ्याचा ब्रश साबणाने अगदी स्वच्छ धुऊन वाळवलास तरी चालेल. एक बारीक टोकाची पेन्सिल. आणि एक तिरका ब्रश आणि आयब्रो पावडर. पेन्सिल की पावडर असं विचारशील तर तुझ्यासाठी मी दोन्ही म्हणेन, कारण तुझ्याकडे दोन वेगळ्या प्रकारच्या जागा आहेत. मधे जिथे केस आहेत पण विरळ आहेत तिथे पावडर उत्तम, ती केसांच्या मुळाशी सावलीसारखी बसते आणि चुकली तरी दिसत नाही. टोकाला जिथे केसच नाहीत तिथे पावडरला धरायला काही नसतं, ती उडून जाते, तिथे पेन्सिलच्या सुट्या बारीक रेघा हव्यात किंवा मग आयब्रो पेन, तोच तो स्केचपेनसारख्या टोकाचा. पोमेड म्हणून घट्ट क्रीमसारखा रंग डबीत मिळतो, ते टिकतं खूप पण चूकही तेवढीच टिकवतं, हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आता करायचं कसं. खिडकीसमोर बस, उजेड समोरून चेहऱ्यावर पडेल असा, बाथरूमच्या वरच्या दिव्याखाली नको, त्यात भुवईच्या हाडाची सावली पडते आणि आपण जिथे गरज नाही तिथेही भरत सुटतो. भुवईवरचं क्रीम किंवा सनस्क्रीन टिशूने टिपून घे, तेलकट कातडीवर काहीच टिकत नाही, त्वचा फारच तेलकट असेल तर आधी थोडी साधी फेस पावडर दाब. मग स्पूलीने केस वरच्या दिशेला विंचर आणि नुसतं बघ. केस वर गेले की मधल्या खऱ्या रिकाम्या जागा दिसतात, आणि बहुतेक वेळा त्या आपल्याला वाटतात त्याहून कमी असतात.

पेन्सिल उभी धर, नाकपुडीच्या बाहेरच्या कडेपासून सरळ वर, ती भुवईला जिथे लागते तिथे साधारण सुरुवात. समोर बघत तीच पेन्सिल नाकपुडीपासून बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी नेली की कमानीचा उंच भाग, आणि नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की टोक कुठे संपायचं ते. हे अंदाज आहेत, तुझी कमान त्याच्या थोडी आतबाहेर असेल तर तुझीच खरी धर. तुझ्यासाठी यातलं टोकाचं माप सगळ्यात महत्त्वाचं, तिथे पेन्सिलने एक अगदी फिकट ठिपका दे, दोन्हीकडे, रेघ काढायच्या आधी. तो ठिपका भुवईच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली जाऊ देऊ नकोस, टोक खाली उतरलं की डोळे दमलेले दिसतात, आणि लोकांनी तब्येतीची चौकशी करायला तेवढं पुरतं.

मग सुरुवात कमानीपासून बाहेरच्या बाजूला कर. करंगळी गालाच्या हाडावर टेकव म्हणजे हात हलत नाही. पेन्सिल मागून धर, लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरलीस की जोर पडतो. अर्धा सेंटिमीटरपेक्षाही छोट्या रेघा, केस ज्या दिशेला उगवतात त्या दिशेने, टोकाला किंचित खाली झुकणाऱ्या, मधे तिरक्या. प्रत्येक रेघ संपताना पेन्सिल उचल, म्हणजे रेघेचं शेपूट केसासारखं निमुळतं होतं. खालची कड थोडी नीट धर आणि वरची कड मोकळी ठेव, दोन्ही कडा पट्टी लावल्यासारख्या आखल्या की भुवया चिकटवल्यासारख्या दिसतात, तू लिहिलंस तेच. मधला भाग पावडरने. आणि नाकाजवळचा भाग सगळ्यात शेवटी, तोही ब्रशवर नवीन पावडर न घेता, जे उरलंय तेवढ्यावरच, वरच्या दिशेने दोन-तीन हलके फटकारे. नंतर स्पूली फिरव, तिथेच अर्धा मेकअप होतो खरं तर, कारण रेघा विरघळून केसांत मिसळतात.

दोन्ही भुवया एकदम वाढवत ने. एक पूर्ण करून दुसरी हाती घेतलीस की दुसरी पहिलीशी जुळवण्यातच सकाळ जाते, त्याऐवजी थोडं इकडे थोडं तिकडे, आणि मधेमधे आरशापासून दोन पावलं मागे हो. समोरचं माणूस तुला त्या अंतरावरून बघणार आहे, नाक आरशाला टेकवून नाही. उजवी जास्त विरळ आहे ना, मग उजवीपासून सुरू कर आणि डावीला जेमतेम हात लाव, म्हणजे डावी उजवीपेक्षा जाड व्हायची भीती राहत नाही. शेवटी पारदर्शक किंवा रंगीत आयब्रो जेलचा एक हात. हे सगळं जमेपर्यंत वेळ लागेल, म्हणून नोकरीच्या पहिल्या सकाळी पहिल्यांदा करू नकोस, आतापासून सुट्टीच्या दिवशी घरात बसून कर आणि दिवसभर ठेवून बघ की संध्याकाळपर्यंत काय होतं. आणि ज्या दिवशी घाई असेल त्या दिवशी फक्त टोकं भर आणि जेल लाव, बाकी काही नको, तेवढ्यानेही डोळे उचललेले दिसतात.

एरंडेल तेलाबद्दल. त्याने भुवयांचे केस नवे उगवतात याला भरवशाचा पुरावा नाहीये. केस चमकतात, थोडे गडद दिसतात, कोरडे असतील तर तुटायचे कमी होतात, लावायचं तर लाव पण डोळ्यात जाऊ देऊ नकोस आणि त्यावर आशा लावून बसू नकोस. खरा उपाय कंटाळवाणा आहे, उपटणं पूर्ण बंद. भुवईच्या केसाचं वाढायचं, थांबायचं आणि गळायचं चक्र साधारण चार महिन्यांचं असतं, त्यामुळे दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून परत चिमटा हातात घेतला की सगळं पहिल्यापासून. मधल्या काळात नको तिथे केस उगवतील, अस्ताव्यस्त दिसेल, तेही राहू दे, पापणीच्या अगदी वरचे मोजके काढ. कॉलेजपासून रिकाम्या असलेल्या काही जागा भरणार नाहीत हेही मान्य करावं लागेल, वर्षानुवर्षं उपटलं की काही मुळं कायमची थांबतात. औषधं आहेत, मिनॉक्सिडिल किंवा बायमॅटोप्रॉस्ट डॉक्टर भुवयांसाठी देतात, बायमॅटोप्रॉस्टला अमेरिकेत २००८ साली पापण्यांच्या केसांसाठी मान्यता मिळाली होती, पण ही डोळ्याजवळ लावायची औषधं आहेत, स्वतःच्या मनाने आणून लावायची नाहीत. आणि केसांचा डाय भुवयांना लावू नका, हे सगळ्यांना सांगतेय, खोक्यावर तशी सूचना असते ती उगाच नसते, त्यातल्या रसायनांची ॲलर्जी डोळ्यापाशी झाली तर नजरेवर बेतू शकतं.

मायक्रोब्लेडिंग. माझं मत स्पष्ट आहे, आत्ता नको. केस का जातायत हे कळलेलं नसताना त्या कातडीवर सुया मारून घेणं मला पटत नाही, त्वचेचाच काही आजार निघाला तर तो चिघळू शकतो, आणि थायरॉइड निघाला तर औषधाने केस परत येऊ शकतात, मग खाली कोरलेला आकार आणि वर उगवलेले केस जुळणार नाहीत. "एकदाचा विषय संपवावा" असं म्हणतेस पण तो संपत नाही गं. रंग एक ते तीन वर्षांत फिका होतो, बऱ्याच जणींचा लालसर किंवा निळसर-करडा होत जातो, पहिल्या वेळेनंतर महिना-दीड महिन्याने परत टचअपला जावं लागतं, तेलकट त्वचेवर बारीक रेघा पसरून एकमेकींत मिसळतात. पहिले आठ-दहा दिवस खपल्या असतात आणि रंग खूप गडद दिसतो, नोकरीच्या तोंडावर तर मुळीच नको. शिवाय फॅशन बदलते. १९२० च्या दशकात क्लारा बो सारख्या नट्यांनी रेघेएवढ्या भुवया ठेवल्या, १९८० च्या दशकात ब्रुक शील्ड्सच्या जाड भुवयांचं कौतुक झालं, १९९० च्या दशकात परत बारीक, नंतर परत जाड, आणि त्या बारीकच्या नादात तुझ्या भुवया एकदा गेल्यायत. पेन्सिल संध्याकाळी धुतली की जाते.

तरीही कोणाला करायचंच असेल, आणि केमोथेरपीनंतर किंवा कायमचे केस गेलेल्यांना त्याचा खरंच मोठा आधार वाटतो हे मी नाकारत नाही, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना, किंवा जखमेचे जाड व्रण उठायची सवय असेल तर नको. सुया नव्या, बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या हव्यात, आधी रंगाची पॅच टेस्ट (थोडासा रंग कातडीवर लावून ॲलर्जी होते का ते बघणं) हवी, आणि करणाऱ्या व्यक्तीकडे आधी केलेल्या लोकांचे दीड-दोन वर्षांनंतरचे फोटो मागा, त्याच दिवशी काढलेले फोटो सगळ्यांचेच छान असतात. आकार आधी पेन्सिलने काढून घ्या आणि तो तसाच ठेवून घरी जा, एक दिवस त्याच्याबरोबर राहा. असं करू देत नसतील तर उठून या.

एक राहिलं, ते पुसणं. भुवया चोळून पुसतेस आणि लाल होतं असं लिहिलंयस, त्या चोळण्यातच उरलेले केस जातात. मेकअप काढायचं क्लिन्झिंग ऑइल किंवा मायसेलर वॉटर कापसावर घे, भुवईवर नुसतं दाबून थोडा वेळ धर, मग केसांच्या दिशेने एकदाच हलकं ओढ, नाकाकडून कानाकडे. रंग राहिला तर दुसरा कापूस घे, पण जोर वाढवू नकोस. टीएसएच ची तपासणी या आठवड्यात करून घे, रिपोर्ट आला की मला कळव, त्याप्रमाणे यातलं काही बदलावं लागलं तर पुढच्या वेळी सांगते.